गुडघे किती दुखतात

वडिलांचं खडकीचं काम सुटलं तेव्हा मी सहावीत होते. काम कंत्राटी होतं. लाकडी खोकी खिळे ठोकून बंद करायची आणि ट्रकवर चढवायची. कंत्राटदार बदलला, नवीन आलेल्याने आपली माणसं आणली, आणि वडील विश्रांतवाडीच्या आमच्या एका खोलीत भिंतीला पाठ टेकून बसायला लागले. ते दारू प्यायले नाहीत, कोणावर हात उगारला नाही. नुसते बसून राहिले, तीन वर्षं. त्यांचं बोलणं इतकं कमी झालं की माझ्या धाकट्या बहिणीला वाटायचं, वडील असेच असतात.

आईकडे चार घरची भांडी होती, ती तिने सात घरची केली. आई मूळची विदर्भातली, लग्न होऊन पुण्याला आलेली. तिची बोली अजूनही तिकडचीच आहे. माझी शाळा दुपारची, म्हणून सकाळी मी तिच्याबरोबर कामाला जायचे. इमारतींमध्ये स्वयंपाकघराच्या मागे ड्राय बाल्कनी असते आणि तिथे जमिनीपासून वीतभर उंचीवर एक नळ असतो. घरातल्या बाईंना ओट्यावर सिंक, आम्हाला तो खालचा नळ. त्याच्यासमोर उकिडवं बसून मी घासायचे, आई विसळायची. उठताना ती ग्रिल धरायची. आधी एका हाताने धरायची, नंतर दोन्ही हातांनी धरायला लागली.

उरलेलं अन्न ती घरी आणत नसे. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून दुसऱ्याच्या घरचं शिळं आमच्याकडे येत नाही. बायका डबा भरून पुढे करायच्या आणि आई म्हणायची, "राहू द्या ताई, पोरी खात नाहीत." आम्ही खाल्लं असतं. तेव्हा कित्येक संध्याकाळी घरात भात आणि त्यावर तिखट-मिठाचं पाणी एवढंच असायचं. पण आईने डबा आणला नाही, आणि आज मला त्याचा राग येत नाही. तेव्हा यायचा.

दहावीच्या पुढे आमच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं. मी गेले. सायन्सला गेले, तिथून संख्याशास्त्राला. त्या वर्गात आम्ही मोजकेच विद्यार्थी होतो आणि कोणाला मागच्या बाकावर लपता यायचं नाही, म्हणून शिकले. एम.एस्सी. झाले. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढीच आपली ओळख. सुट्टी लागली की आपण कोणी नाही. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. मी नाव नोंदवलं.

विषय माझाच होता. जीएलएम नावाची प्रारूपं असतात. साधी सरळ रेघ जिथे बसत नाही, तिथे ती बसवायची युक्ती म्हणजे जीएलएम. उत्तर हो किंवा नाही असं असेल तर ही युक्ती छान चालते. 'हो'ची शक्यता 'नाही'च्या शक्यतेच्या किती पट, हे काढायचं, त्याचा लॉग घ्यायचा आणि मग त्याला रेघ बसवायची. पण माणसं हो किंवा नाही एवढंच बोलत नाहीत. ती म्हणतात, अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. असे चार वर्ग आले की युक्ती वाढवावी लागते, आणि वाढवायच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत. कोणती वाट कुठे घ्यायची, हा माझा विषय.

उदाहरण म्हणून काय घ्यायचं, यावर माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "पुस्तकात तयार उदाहरणं आहेत. वाइनची आहेत, चीजची आहेत."

मी म्हटलं, "सर, मला घरकाम करणाऱ्या बायकांचे गुडघे घ्यायचेत."

सर सदाशिव पेठेतले, निवृत्तीला आलेले. त्यांनी चष्मा पुसला. "घ्या. पुणेकरांना चीजपेक्षा ते जवळचं."

फॉर्म तयार केला. वय, किती घरं, दिवसाचे किती तास खालच्या नळाशी बसून काम, आणि शेवटी प्रश्न: गुडघे किती दुखतात? खाली चार चौकटी. अजिबात नाही, थोडे, बरेच, खूप.

अडचण अशी की या बायका घरी भेटतात त्या दुपारी दोन ते चार. सकाळची कामं संपलेली, संध्याकाळची लागायची असतात. आणि माझे तास नेमके तेव्हाच. शनिवार-रविवारी मी फिरले, विश्रांतवाडी, धानोरी, येरवड्याकडच्या वस्त्या. जमेना. मग आईने विचारलं, "मी घेऊन जाऊ का तुहे कागद?"

आई चौथी शिकलेली. वाचते सावकाश, लिहायला तिला आवडत नाही. वय आणि घरं मला तोंडी सांगायची, ती तिच्या डोक्यात पक्की असायची. दुखण्याच्या प्रश्नापुढे ती पेनाने रेघा मारून आणायची. काही फॉर्मवर एकही रेघ नाही, काहींवर एक, दोन, तीन. मी मनात म्हटलं, चार चौकटी तिला कळल्या नसतील, म्हणून तिने रेघा केल्या. शून्य रेघा म्हणजे अजिबात नाही, तीन म्हणजे खूप. मी तसं टाइप करून टाकलं. ती कशी विचारते, हे मी एकदाही विचारलं नाही.

आणि प्रगती अहवालात मी लिहिलं: सर्व मुलाखती संशोधकाने स्वतः घेतल्या.

हे मी का लिहिलं ते सांगते, कारण ते लपवण्यात आता अर्थ नाही. अहवाल तपासणाऱ्या समितीपुढे 'माझी आई' म्हणायची मला लाज वाटली. आई घरकाम करते याची नव्हे. ते मी छातीठोक सांगायचे. पण माझ्या शास्त्रात तिचा हात आहे, हे सांगायची लाज वाटली. बाकीच्यांच्या प्रबंधांत आभाराच्या पानावर प्राध्यापक मामा असतात, डॉक्टर काका असतात. मला वाटलं, माझं काम तरी चोख दिसू दे.

मग प्रारूप बसवायला घेतलं आणि तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले.

क्रमवार वर्गांसाठी जी नेहमीची वाट आहे, ती मी घेतली. तिच्यात दुखण्याच्या पट्टीवर तीन ठिकाणी काप घेतात आणि प्रत्येक कापाला एकच उतार धरतात. म्हणजे खालच्या नळाचे तास 'अजिबात नाही'वरून 'थोडे'कडे जितकं ढकलतात, तितकंच 'बरेच'वरून 'खूप'कडे. मी विभागाच्या प्रयोगशाळेत बसून आज्ञा दिली. पडद्यावर तासांच्या पुढे जो गुणांक आला, तो उणे होता.

उणे याचा अर्थ असा: जी बाई खालच्या नळाशी जास्त तास बसते, तिचे गुडघे कमी दुखतात.

मी पुन्हा चालवलं. वर्ग उलटे तर लिहिले नाहीत ना, ते पाहिलं. नव्हते. वय घातलं, वय काढलं. उणेच. एकच उतार चालेल का याची जी चाचणी असते, ती नापास. मग क्रम सोडून देणारी, प्रत्येक वर्गाची वेगळी तुलना करणारी वाट घेतली. तिथे सॉफ्टवेअरने इशारा दिला की आकडा ठरतच नाही, पळत सुटलाय. शोधलं तर तास आणि दुखणं यांच्या तक्त्यात एक चौकट रिकामी निघाली. दिवसभर खालच्या नळाशी काम आणि दुखणं वरच्या दोन वर्गांत, अशी सगळ्या फॉर्मांमध्ये एकही बाई नव्हती. शून्य. शून्याचा लॉग घेता येत नाही, म्हणून आकडा उणे अनंताकडे धावतो.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "शून्यात अर्धा मिळवा. सगळे मिळवतात."

"सर, चिन्ह चुकीचं आहे."

"चिन्ह चुकीचं नसतं. आपली अपेक्षा चुकीची असते. माहिती जे सांगते ते लिहायचं."

"म्हणजे मी लिहू, की खाली बसून भांडी घासल्याने गुडघे चांगले राहतात?"

"त्याला इंग्रजीत जरा सभ्य शब्द आहेत," सर म्हणाले. "आणि अहो, मुदतवाढ आपण दोनदा घेतलीत. तिसरी नसते. मार्चअखेर प्रबंध नाही आला तर नोंदणी रद्द, हे मी सांगायला नको. चीज अजून शिल्लक आहे, बघा."

गणेशखिंडीच्या रस्त्याने मी खडकीपर्यंत चालत आले. बसमध्ये चढायचं होतं पण दोन बस सोडल्या. डोक्यात एकच. लिहिलं तर डॉक्टर होईन, आणि माझ्या सहीखाली एक वाक्य छापलं जाईल जे खोटं आहे हे माझे स्वतःचे गुडघे मला सांगतात. उद्या कोणी गृहसंकुलातला अध्यक्ष ते वाक्य काढून दाखवेल, बघा, शास्त्रीय आहे, यांना खालचा नळच बरा. नाही लिहिलं तर इतकी वर्षं पाण्यात. वय तेहतीस. धाकटी बहीण लग्न होऊन गेली, वडील आता रखवालीला जातात, आई अजून घरोघर कामाला जाते, आणि मी घरातली शिकलेली, जिच्यावर सगळ्यांनी सगळं लावलं.

दोन महिने मी असे काढले. शिकवायचे, यायचे, त्याच माहितीवर तीच प्रारूपं नव्या नावाने बसवायचे. केस गळायला लागले. वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, जीएलएम का शिकायचं?" आणि मी तिला म्हटलं, "नका शिकू." ती हसली. तिला विनोद वाटला.

शेवटी मी फॉर्मांच्या दोन पिशव्या काढल्या. एकीत माझे, दुसरीत आईचे. वेगवेगळे मोजले. माझ्या फॉर्मांत जवळजवळ सगळ्या बायका 'थोडे'मध्ये. 'खूप' तर हाताच्या बोटांवर. आईच्या फॉर्मांत मात्र सगळीकडे पसरलेल्या, शून्यापासून तीन रेघांपर्यंत. त्याच वस्त्या, तीच कामं. माझ्या पिशवीत वरचे दोन वर्ग जवळजवळ नव्हतेच; आईच्या पिशवीत ते भरपूर, तरी ती चौकट रिकामी.

मला एकच कारण सुचलं. आईने फॉर्म घरी बसून मनाने भरले.

ती पोळ्या लाटत होती. मी पिशवी तिच्यापुढे आपटली. "खरं सांग, तू गेली होतीस का या सगळ्यांकडे? का इथेच बसून रेघा मारल्यास?"

तिने लाटणं थांबवलं नाही. "काय म्हणाली?"

"मी विचारतेय, खोटं भरलंस का? माझं सगळं गेलं, आई. सगळं गेलंय या रेघांमुळे."

"माह्याशी पेठेतलं बोलू नको," आई म्हणाली. तव्यावरची पोळी करपेपर्यंत ती पोळीकडेच बघत राहिली. मग तिने गॅस बंद केला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. बसली म्हणजे वरच्या पायरीवर, पाय सोडून; खाली बसायचं तिने कधीच सोडलं होतं.

वडील भिंतीजवळून म्हणाले, "ती फिरली गं सगळीकडे. पाय सुजायचे, मी तेल लावून द्यायचो."

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा भरून ठेवायची, हाक मारायची नाही. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले तर दारात उभी. "आज नको जाऊ. दुपारी चाल माह्यासंग."

मी तास बुडवला. मागच्या गल्लीत एक मावशी राहतात, पंचावन्नच्या आसपास, आईबरोबर एकाच इमारतीत काम करणाऱ्या. आम्ही गेलो तर कॉटवर बसून लसूण सोलत होत्या. आईने मला डोळ्यांनी सांगितलं, आधी तू.

मी फॉर्म काढला. "मावशी, तुमचे गुडघे किती दुखतात? अजिबात नाही, थोडे, बरेच, का खूप?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं, पदर नीट केला. "थोडे," त्या म्हणाल्या. "वयाने दुखतात तेवढेच. काही नाही तसं."

मी 'थोडे'वर खूण केली. आई म्हणाली, "झालं तुहं? आता पाय." म्हणजे आता बघ. ती कॉटवर मावशींच्या शेजारी बसली आणि तिनेही लसूण सोलायला घेतला.

"काऊन वं, गुडघा दुखते का तुहा?"

"दुखतो की. तुझा नाही का दुखत?"

आईने कागदावर एक रेघ मारली. "मंग खालच्या नळाशी बसते का अजून? का सुटलं बसणं?"

"सुटलं ना. दोन वर्षं झाली. संडासला सुद्धा खुर्ची आणली पोराने. तुला माहीत नाही होय? तूच तर हसली होतीस."

दुसरी रेघ. "आन् जिना?"

"तिसऱ्या मजल्याच्या बाईकडे जाते ना, मधे दोनदा थांबते. लिफ्टने जाऊ देत नाहीत मेले. एकदा तर मी रडले जिन्यात."

तिसरी रेघ. आईने कागद माझ्या हातात दिला.

एकाच बाईचे, पाच मिनिटांच्या आत भरलेले दोन कागद माझ्या हातात होते. एकावर 'थोडे', एकावर तीन रेघा. मी मावशींना म्हटलं, "अहो, मग मला थोडे का सांगितलंत?"

"तुला काय सांगायचं? तू शिकलेली पोर, फाइल घेऊन आलीस. मी म्हणू, खूप दुखतात, खूप दुखतात? भीक मागितल्यासारखं. कामवाल्या बाईचे गुडघे खूप दुखतात असं बाहेर गेलं तर काम कोण देईल? थोडेच म्हणायचं असतं." मग आईकडे वळून म्हणाल्या, "हिला एवढं कॉलेजात शिकवलं नाही होय?"

"ते शिकवत नसतील," आई म्हणाली.

घरी येताना माझी चूक मला दिसत होती आणि ती साधी नव्हती. माझ्या प्रश्नाने चार खुर्च्या मांडल्या होत्या आणि कुठे बसायचं ते बाईने लाजेने ठरवलं होतं. आईने मात्र जिना मांडला होता. पहिली पायरी चढली तरच दुसरी विचारायची; जिथे बाई थांबली, तिथे आई थांबली. तिच्या रेघा म्हणजे 'किती' नव्हतंच. 'कुठपर्यंत' होतं. आणि असल्या उत्तरांसाठी जीएलएम वाढवायची एक वेगळी वाट आहे, पायऱ्यांची. प्रत्येक पायरीला हो-नाहीचं स्वतंत्र प्रारूप, त्या पायरीपर्यंत पोचलेल्यांपुरतंच, आणि प्रत्येक पायरीचा उतार वेगळा असू शकतो. मी ते एम.एस्सी.ला शिकले होते, त्यावर परीक्षेत पूर्ण गुण घेतले होते. तोच जिना आपल्या घरात बनतोय हे मला दिसलं नव्हतं, कारण मी तिला विचारलंच नव्हतं.

"आई, एक सांग," मी म्हटलं. "दिवसभर खालच्या नळाशी बसणाऱ्या बायकांमध्ये दोन रेघांवाली एकही का नाही? एकही?"

ती थांबली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतल्यासारखं झालं. "जिचं बसणं सुटलं ते खालच्या नळाशी कशी बसन वं? तिनं ते काम सोडलं, पोळ्यांचं धरलं. ओट्याशी उभं राहून कराचं. तू आता किती तास बसते ते इचारते. आंधी किती वर्सं बसली ते इचार ना."

ती चौकट रिकामीच राहणार होती. आणि मी तिच्यात अर्धा मिळवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. सगळं सांगितलं, अहवालातल्या वाक्यासकट. सरांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला.

"म्हणजे निम्म्या मुलाखती मातोश्रींनी घेतल्या. आणि आपण लेखी दिलंत की सगळ्या आपण."

"हो सर."

"आणि आपण घेतल्यात त्या निरुपयोगी, आणि त्यांनी घेतल्यात त्या उपयोगी."

"हो सर."

"हे समितीपुढे आपणच सांगायचं. मी सांगणार नाही. आणि नोंदणी रद्द करा म्हणाले तर मी अडवणार नाही, अडवता येणारही नाही."

समितीच्या बैठकीला दहा दिवस होते. ते दहा दिवस मी कसे काढले याची मला नीट आठवण नाही. एकदा मी राजीनाम्यासारखं एक पत्र लिहिलं, नोंदणी स्वखुशीने मागे घेत असल्याचं. निदान काढून टाकलं असं होणार नाही. ते पर्समध्ये घेऊन फिरत होते. आईला काही सांगितलं नाही, पण तिला कळत होतं. ती म्हणाली, "माह्यामुळं झालं का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मंग जेव."

समितीत तिघं होते. मी उभी राहिले आणि आधी ते वाक्य खोटं आहे असं सांगितलं, मग माहिती कोणी आणि कशी गोळा केली ते. बाहेरून आलेल्या सदस्य बाईंनी विचारलं, "तुमच्या आईचं शिक्षण?"

"चौथी."

"त्यांना मुलाखतीचं प्रशिक्षण?"

"सत्तावीस वर्षं खालच्या नळाशी बसल्यात त्या."

एक सदस्य म्हणाले की हे गंभीर आहे, सगळी माहितीच बाद करायला हवी. मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बाकावर मी ते पत्र हातात धरून बसले होते. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. अर्ध्या तासाने सर बाहेर आले, पत्राकडे पाहिलं. "हे काय?"

"नोंदणी मागे..."

"कागद वाया घालवू नका. आत या."

निर्णय असा होता. माझे सगळे फॉर्म रद्द. त्या बायकांकडे पुन्हा जायचं आणि पायऱ्यांनी विचारायचं, सोबत खालच्या नळाशी काढलेली वर्षंही. आईला भेटलेल्या बायकांनाही वर्षं विचारायची. विचारण्याची पद्धत आणि विचारणाऱ्याचं नाव प्रबंधात स्पष्ट लिहायचं, चुकीच्या अहवालाबद्दल लेखी खुलासा द्यायचा. मुदत तीच, मार्चअखेर. बैठक होती नोव्हेंबरच्या शेवटी.

मी कॉलेजातले दुपारचे तास सोडले. ते कोणीतरी दुसऱ्याने लगेच घेतले, आणि परत मिळणार नव्हते. रोज दोन ते चार आई आणि मी. आईचा गुडघा इतका वाईट होता की गल्लीच्या तोंडाशी ती बसून राहायची आणि मी बायकांना तिथे बोलावून आणायचे. काही जणी घरं बदलून गेलेल्या. एक वस्ती रस्त्यासाठी उठवली होती, तिथल्या बायका कुठे गेल्या कोणाला माहीत नव्हतं. काही म्हणाल्या, पुन्हा काय विचारायचं, आधीच सांगितलंय थोडे. एकीने दार लावून घेतलं. फेब्रुवारीत मोजलं तर तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलेल्या बायका इतक्या कमी होत्या की प्रारूप पुन्हा पळायला लागलं. मी खरंच रडले त्या दिवशी, विभागाच्या जिन्यात. मग वयाचे दोन गट एकत्र केले, तसं का केलं ते लिहिलं, आणि आईला म्हटलं, अजून तीन आठवडे. ती म्हणाली, "चाल."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी शेवटचं चालवलं. पहिल्या पायरीला, दुखतं की नाही, नळाशी काढलेल्या वर्षांचा गुणांक अधिक. दुसऱ्या पायरीला, बसणं सुटलं की नाही, तो अधिक आणि पहिलीपेक्षा मोठा. तिसऱ्या पायरीला वर्षांचा जोर उरला नव्हता, तिथे वय बोलत होतं. सरांनी तक्ता दोनदा वाचला. "शून्यात काही मिळवलेलं दिसत नाही," ते म्हणाले.

"नाही सर."

"बरं केलंत."

तोंडी परीक्षा पावसाळ्यानंतर झाली. आई आली नाही. तिच्या दोन घरी पाहुणे होते आणि सुट्टी मागायला तिला आवडत नाही. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते तिच्या पद्धतीवर, आणि मला जी उत्तरं येत होती ती मी दिली, जी येत नव्हती तिथे येत नाही म्हटलं.

प्रबंध स्वीकारला गेला. त्याच्या चौथ्या प्रकरणात लिहिलं आहे की खालच्या नळाशी काढलेल्या वर्षांबरोबर गुडघे दुखण्याची शक्यता वाढते आणि दुखायला लागलेल्यांचं बसणं सुटण्याची त्याहून जास्त वाढते, आणि मुलाखती कोणी घेतल्या तिथे आईचं नाव पहिलं आहे, माझं दुसरं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी होती. तिचं नाव आधी लिहूनही ही पीएच.डी. माझीच आहे.